मडगाव ते काब द राम: फेणीच्या गावांतून अर्ध्या दिवसाची खाजगी फेरी कशी आखावी

द्राक्षांचे मळे पाहायचे आणि त्यांच्या शेजारी बसून वाईन चाखायची असेल, तर मराठी माणूस नाशिकची वाट धरतो. गोव्याच्या किनाऱ्यावर द्राक्षे नाहीत; येथे माड आणि काजू आहेत, आणि या दोन झाडांपासून होणारी फेणी ज्या गावांत गाळली जाते, त्या गावांतून स्वतंत्र गाडी करून अर्धा दिवस फिरता येते. पुण्या-मुंबईहून किंवा कोल्हापूर-बेळगावहून गोव्यात नातेवाइकांकडे उतरणारे पाहुणे बहुधा कळंगुट, मंगेशी आणि जुने गोवे पाहून परततात, आणि फेणीशी त्यांची ओळख दुकानातील बाटलीपुरतीच राहते. ती बाटली ज्या झाडावरून, ज्या दगडावरून आणि ज्या चुलीवरून येते, ते सारे एका सकाळीत पाहता येते, हे गोव्यात राहणाऱ्या आपल्या मराठी घरांनीही फारसे लक्षात घेतलेले नाही. हा मार्ग नीट आखला जावा, अशी मनापासून इच्छा आहे, म्हणून हे लिहीत आहे.

सर्वात आधी ऋतू पाहावा. माडाची सूर, म्हणजे ताडीसारखा गोड रस, वर्षभर काढली जाते, परंतु काजूचे बोंड साधारणपणे फेब्रुवारीअखेरीपासून मे महिन्यापर्यंतच मिळते, आणि काजूची भट्टी त्याच काळात पेटते. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ सर्वात चांगला, कारण तेव्हा बोंडे भरपूर असतात आणि भट्ट्या रोज चालू असतात. मे महिन्यात वळवाचे ढग जमू लागले की भरवसा उरत नाही. पाऊस पडला की जमिनीवरची बोंडे नासतात आणि भट्टीवाले हळूहळू काम आवरते घेतात. जूननंतर येणाऱ्या पाहुण्यांना काजूची भट्टी दाखवण्याचे आश्वासन देऊ नये. त्यांच्यासाठी निराळा बेत करता येतो, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

मार्ग निवडताना सत्तरी, केपे, पेडणे अशी काजूची पुष्कळ ठिकाणे डोळ्यांसमोर येतात. तरीही मी मडगाव, बाणावली, वार्का, कार्मोणा, चिंचिणी, असोळणा, बेतूल, खणगिणी, काब द रामचा किल्ला हाच दक्षिण गोव्यातील मार्ग सुचवीन, आणि त्याचे कारण जमिनीत आहे. बाणावलीपासून कार्मोण्यापर्यंत समुद्रालगत सपाट, वाळूमिश्रित, ओलावा धरणारी जमीन आहे, तेथे माड दाट वाढतो. साळ नदी ओलांडून बेतूलच्या पुढे गेले की रस्ता एकदम चढू लागतो आणि जांभ्याचा कोरडा, उघडा सडा, म्हणजे खडकाळ माळ, सुरू होतो. तेथे दुसरे फारसे काही पिकत नाही, पण काजू खडकाच्या भेगांतूनही मूळ धरतो. म्हणजे एकाच रस्त्यावर, तासाभराच्या अंतरात, माडाच्या फेणीचा मुलूख संपून काजूच्या फेणीचा मुलूख सुरू झालेला दिसतो. माड आपला जुना. काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला. समुद्राची साथ जवळजवळ सर्वत्र राहते, आणि जाऊन-येऊन अंतर सुमारे ७५ ते ८० किलोमीटर भरते, जे अर्ध्या दिवसात घाई न करता कापता येते.

गाडी ठरवताना पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली परवानाधारक टॅक्सी घ्यावी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची गाडी स्वतः चालवण्यासाठी मिळते, आणि एरवी गोवा फिरायला ती सोयीची असते. परंतु या फेरीसाठी ती घेऊ नये, कारण मग घरातील एकाला काहीही न चाखता दिवसभर चाक धरून बसावे लागते, किंवा तो मोह आवरत नाही. पांढऱ्या पाटीची, म्हणजे कोणाची तरी घरची गाडी भाड्याने घेणे बेकायदेशीर आहे, आणि अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो. मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी बेतूल ते काब द राम हा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, समोरून कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस आली की एका गाडीला कडेला थांबावे लागते, आणि तेथे शुद्धीत असलेला, रस्ता माहीत असलेला माणूसच चालक हवा.

शक्य असेल तर साष्टीतील किंवा केपे-काणकोणकडील चालक शोधावा. कोणत्या वाड्यावर यंदा भट्टी लागली आहे, कोणाला पाहुणे आलेले आवडतात आणि कोणाला आवडत नाहीत, हे त्याला ठाऊक असते, आणि ही माहिती कोणत्याही नकाशावर मिळत नाही. ठरवतेवेळी एकूण तास, एकूण किलोमीटर, थांबण्याचे पैसे आणि वातानुकूलन धरून किती रक्कम होईल ते एकदाच स्पष्ट बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावे. वाटेत त्याच्या ओळखीच्या दुकानात थांबायचे नाही, हेही आधीच सांगितलेले बरे. मोठ्या कुटुंबाला सात आसनी गाडी लागेल हे खरे, पण चौघे असतील तर लहान गाडीच घ्यावी. वाड्यांतील वाटा मोठ्या गाडीला दाद देत नाहीत.

निघायची वेळ सकाळी सव्वासहाची ठेवावी. पुष्कळ जण काब द रामचा सूर्यास्त गाठण्यासाठी दुपारी निघतात, आणि सूर्यास्त सुंदर असतो यात शंका नाही. तरी फेणी पाहायची असेल तर सकाळच हवी. रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारा, माडावर दिवसातून तीनदा चढतो, सकाळी आणि संध्याकाळी सूर उतरवायला, आणि दुपारी नुसती पोय, म्हणजे माडाचा न उमललेला तुरा, छाटायला. काजूच्या बागेत रात्रभर गळलेली बोंडे सकाळी वेचली जातात आणि ऊन चढण्याआधी मळणीला घेतली जातात. शिवाय एप्रिलमध्ये दुपारी जांभ्याच्या सड्यावर पेटत्या भट्टीशेजारी लहान मुले आणि वृद्ध माणसे घेऊन उभे राहणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पहिला थांबा बाणावली ते वार्का या पट्ट्यात, सुमारे पावणेसातला. येथे रेंदेराची गाठ घालून देण्याचे काम चालकाकडे किंवा गावातील ओळखीच्या माणसाकडे आदल्या दिवशीच सोपवावे, कारण रेंदेर आता मोजकेच उरले आहेत आणि ते आपल्या वेळेने चालतात. माडाच्या खोडावर पाय रोवण्यासाठी खाचा पाडलेल्या असतात, त्यांच्या आधाराने तो बघता बघता शेंड्याशी पोहोचतो. न उमललेली पोय दोरीने घट्ट आवळलेली असते आणि तिच्या टोकाखाली मडके अडकवलेले असते. तो मडक्यातील सूर कमरेच्या भांड्यात ओततो, मग रुंद पात्याच्या धारदार कातीने पोयीच्या टोकाची कागदाइतकी पातळ चकती उडवतो, जेणेकरून रस पुन्हा झरू लागावा, आणि मडके परत अडकवतो. चकती जाड गेली तर पोय लवकर संपते. पातळ गेली तर तीच पोय पुष्कळ दिवस पुरते. हे सारे तो भुईपासून तीन-चार मजले वर एका हाताने माड कवटाळून करतो. पाहुण्यांनी खाली उभे राहून ओरडून प्रश्न विचारू नयेत. तो उतरल्यावर विचारावेत.

ताजी सूर पांढुरकी, गोडसर आणि किंचित आंबूस लागते. तिला विरजण लावावे लागत नाही, हवेतील आणि मडक्यातील किण्वांमुळे ती आपोआप आंबते, म्हणूनच ती तासातासाने बदलत जाते. हीच सूर गाळून माडाची फेणी होते, आटवून माडाचा गूळ होतो, मुरवून शिरका होतो, आणि जुन्या काळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव व सणासुदीची इडलीसारखी सान्नां याच सुरेने फुगत. कितीतरी घरे एका मडक्यावर चालत, हे मुलांना तेथेच उभे राहून सांगावे.

त्यानंतर न्याहारी करावी, आणि ती टाळू नये. रिकाम्या पोटी कोणतेही मद्य चाखणे वाईट, आणि सड्यावरच्या भट्टीजवळ खायला काही मिळत नाही. चिंचिणी किंवा असोळण्याच्या बाजारात पातळ भाजी, पाव, मिरचीची भजी आणि चहा सहज मिळतो. सोबत प्रत्येकी एक लिटर पाणी, भाजलेले शेंगदाणे किंवा फरसाण, मीठ आणि दोन लिंबे गाडीत ठेवावीत. लिंबा-मिठाचा उपयोग पुढे कळेल.

बेतूलला साळ नदी समुद्राला मिळते. नदीमुखावरच्या टेकडीवर बेतूलचा किल्ला आहे. शिवाजी महाराजांच्या काळात, १६७९ मध्ये तो बांधला गेला. आज तेथे बुरुजाचे अवशेष आणि एक तोफ एवढेच उरले आहे, पण मराठी मुलुखातून आलेल्या पाहुण्याला स्वराज्याची ही दक्षिणेकडची खूण पाहिल्यावाचून पुढे नेऊ नये. वीस मिनिटे पुरेशी आहेत. खालच्या बाजूला मासेमारीच्या होड्या आणि शिनाण्यांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, टोपली घेऊन बसलेल्या बायका दिसतात. मासळी घ्यायचा मोह झाला तर ती परतीच्या वाटेवर घ्यावी, नाहीतर गाडीत सकाळभर उन्हात राहते.

ज्यांना फातर्प्याच्या शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीचे दर्शन घ्यायचे आहे, त्यांनी ते फेरीच्या आरंभी, मद्याला हात लावण्यापूर्वी घ्यावे, किंवा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे. चाखून झाल्यावर देवळात जाऊ नये, हे सांगायची खरे तर गरज नाही, परंतु नकाशावर फातर्पे परतीच्या वाटेजवळ दिसते आणि मग घाईत तसे ठरवले जाते.

आता मुख्य गोष्ट, काजूची भट्टी. बेतूलपासून खणगिणी आणि काब द रामच्या दिशेने, पुढे खोलापर्यंत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजूच्या बागा लागतात. हंगामात भट्टी शोधायला नाकही पुरते, कारण आंबणाऱ्या बोंडाचा उग्र गोड वास दूरवर येतो. तरी वासामागून सरळ आत शिरू नये. भट्टी हे कोणाच्या तरी घराचे आवार आणि वर्षाची कमाई असते. उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर ती चालते, आणि अनोळखी माणसे फोटो काढत आत आली तर भट्टीवाला सावध होतो, हे साहजिक आहे. गाडी रस्त्यावर ठेवून एकाने पुढे जावे, "बाब, पळोवंक मेळटलें?" एवढे कोकणीत विचारावे, आणि होकार आल्यावरच बाकीच्यांना बोलवावे. मराठी तेथे सर्वांना समजते, पण पहिले वाक्य कोकणीत आले की माणूस मोकळा होतो. फोटोसाठी पुन्हा वेगळे विचारावे, विशेषतः मळणी करणाऱ्या माणसांच्या बाबतीत.

आत काय पाहावे, हे आधी ठाऊक असले तर थोड्या वेळात बरेच समजते. फेणीसाठी झाडावरचे बोंड तोडत नाहीत; पूर्ण पिकून आपणहून गळलेलेच वेचतात, आणि त्यामुळे वेचणाऱ्यांना रोज तीच बाग फिरावी लागते. बी पिळून वेगळी केली की बोंडे कोळमीत टाकतात. कोळमी म्हणजे जांभ्याच्या खडकातच कोरलेले किंवा दगडाने बांधलेले उथळ टाके, एका बाजूला किंचित उतार आणि रस वाहून जायला भोक असलेले. त्यात उतरून माणसे पायांनी बोंडे मळतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्राने चिरडतात, पण पायाने मळलेल्या कोळमीच्या शोधात थोडे पुढे जावे लागले तरी जावे. मळून उरलेला चोथा गोळा करून त्याची रास रचतात, वेलीने किंवा दोरीने ती आवळतात आणि वर जड दगड ठेवतात. त्या दाबाने थेंबाथेंबाने जो स्वच्छ रस गळतो, तो नीरो. थंड, सुवासिक आणि शेवटी घशाला किंचित आवळणारा. ताजा असताना त्यात मद्य नसते, त्यामुळे लहान मुलांपासून आजीपर्यंत सर्वांनी प्यावा. मात्र तो तेथेच प्यावा. बाटलीत भरून घरी नेला तर एप्रिलच्या उन्हात वाटेतच आंबू लागतो, आणि घट्ट बूच लावलेले असेल तर बाटली फुगते.

मळणीचा रस दोन-तीन दिवस आंबवतात, पूर्वी मातीच्या मडक्यांत, आता बहुधा प्लास्टिकच्या पिंपांत. तो फेसाळून शांत झाला की भाणात, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, भरतात, तोंड मातीने लिंपून बंद करतात आणि खाली लाकडांचा जाळ लावतात. वाफ नळीतून थंड पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्यात जाते आणि दुसऱ्या टोकाला धार पडते. ही पहिली धार म्हणजे उर्राक, सौम्य आणि फळाच्या वासाचे. उर्राक पुन्हा आंबलेल्या रसात मिसळून दुसऱ्यांदा गाळले की फेणी होते, आणि तिच्यात साधारण ४२ ते ४५ टक्के मद्यार्क असतो. जाळ हा यातील सर्वात कठीण भाग आहे. तो वाढला तर रस करपून फेणीला जळका वास लागतो, कमी झाला तर धार तुटते. म्हणून भट्टीवाला बोलताना आपल्याकडे न बघता चुलीकडे बघत असतो. त्याला त्या वेळी अडवू नये, लाकूड सरकवून झाल्यावर तो स्वतःच बोलतो. जोर मोजण्यासाठी त्याच्याकडे काचेचे मापक असते आणि तो जोर ग्राव या मद्याच्या जुन्या मापात सांगतो. जुने लोक मात्र पेल्यात उंचावरून धार सोडून वर येणाऱ्या बुडबुड्यांकडे पाहतात. बुडबुडे बारीक मण्यांसारखे कडेला जमून काही क्षण टिकले, तर फेणी उतरली असे ते मानतात. हे दाखवायची विनंती जरूर करावी.

दोन इशारे येथेच देतो. कच्च्या काजूबीच्या टरफलातील तेल कातडी भाजते. मुले कुतूहलाने बी दाताखाली धरतात, तेव्हा त्यांच्यावर डोळा ठेवावा. आणि बोंडाच्या रसाचे डाग कपड्यावरून निघत नाहीत, तेव्हा पांढरे कपडे घालून येऊ नये. बोंड खायचे असल्यास मीठ लावून खावे, म्हणजे घसा खवखवत नाही.

चाखण्याचा क्रम नीरो, मग उर्राक, मग फेणी असा ठेवावा. फेणी प्रथम घेतली तर पुढचे काहीच कळत नाही. गोव्यात मद्यासाठी किमान वय २१ आहे, ते पाळावे. उर्राक हंगामापुरतेच, ताजेच पितात; लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का ही त्याची गोव्यातली सर्वमान्य जोडी, आणि गाडीतील लिंबू-मीठ येथे उपयोगी पडते. उर्राक गोड लागते म्हणून भराभर पिऊ नये. उन्हात ते उशिरा पण जोरात चढते. फेणी घोटभरच घ्यावी, आधी वास, मग जिभेवर क्षणभर ठेवून. पहिला वास अनेकांना उग्र वाटतो. दुसऱ्या घोटानंतर पिकल्या बोंडाचा गंध वेगळा ओळखू येतो, तोवर मत बनवू नये. घरातील वडीलधारी माणसे सोबत असतील आणि त्यांच्यासमोर चाखणे प्रशस्त वाटत नसेल, तर त्यांना कोळमीजवळ सावलीत नीरो घेऊन बसवावे. मळणी पाहण्यात त्यांचे मन नक्की रमते, कारण शेतीत वाढलेल्या माणसाला ते काम आपलेच वाटते.

चाखायला दिले म्हणून ते फुकट समजू नये. एखादी बाटली विकत घ्यावी, नको असेल तर योग्य ती रक्कम आग्रहाने हातावर ठेवावी, आणि घासाघीस करू नये. एका सकाळी एकच काजूची भट्टी पाहावी. दुसरी पाहण्याच्या हौसेने वेळ जातो, चाखणे वाढते आणि पहिल्या ठिकाणी नीट बोलणे होत नाही.

साडेदहा-अकराच्या सुमारास काब द रामच्या किल्ल्यावर जावे. सौंधेकर राजांकडून पोर्तुगीजांनी १७६३ मध्ये तो घेतला, आणि पुढे १९५५ पर्यंत तेथे तुरुंग होता. आत सेंट अँथनीचे चर्च आहे. तटावरून दिसणारा समुद्र अर्धा तास पाहून बाराच्या आत परत फिरावे. किल्ल्यावर, किनाऱ्यावर किंवा रस्त्याच्या कडेला बाटली उघडू नये. गोव्यात सार्वजनिक जागी उघड्यावर पिण्यास बंदी आहे आणि दंड होतो. खोलाकडे आणखी थोडे जायची तयारी असेल, तर भौगोलिक मानांकन लाभलेली तेथील लाल मिरची उन्हाळ्यात गावातच मिळते. ती वजनाने घ्यावी, आणि नुसत्या रंगावर न जाता वास घेऊन घ्यावी.

पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात पाहुणे आले, तर पहिला थांबा तसाच ठेवून, सूर पाहून, बाणावलीतील गोवा चित्र या संग्रहालयात शेतीची व घरगुती व्यवसायांची जुनी अवजारे पाहावीत. कासावलीच्या परिसरात आगाऊ नोंदणी करून फेणीची माहिती व चव देणारी ठिकाणेही आहेत. त्यांचे दर आणि वेळा फोनवर विचारून घ्याव्यात. पावसात बेतूलच्या पुढचा रस्ता हिरवागार आणि देखणा असतो, पण निसरडा असतो, म्हणून घाई असल्यास तेथूनच मागे वळावे.

शेवटी बाटल्यांविषयी. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१६ मध्ये राज्याने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. भट्टीवर मिळणारी फेणी पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून मिळते. ती गोव्यातील घरीच संपवायची, कारण विमान कंपन्या अशी बाटली स्वीकारत नाहीत. विमानाने न्यायची तर दुकानातील सीलबंद, लेबल असलेली बाटली घेऊन चेक-इन सामानात ठेवावी. २४ ते ७० टक्के मद्यार्काच्या पेयाला प्रवाशामागे पाच लिटरची मर्यादा आहे. रस्त्याने महाराष्ट्रात न्यायची तर दुकानदाराकडून पावती व राज्याबाहेर नेण्याचा परवाना आधीच मागून घ्यावा, कारण सीमेवर महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याची तपासणी असते आणि गोव्याच्या मद्यावर कारवाई होते. घरी आणलेली फेणी प्लास्टिकमध्ये राहू देऊ नये. काचेच्या स्वच्छ बाटलीत ओतून, घट्ट बूच लावून, उजेडापासून दूर ठेवावी.